व्हेरिटी लॅम्बर्ट यांना श्रेय नेमके कशाचे द्यायचे?

नोव्हेंबर महिना आला की 'डॉक्टर हू'च्या चाहत्यांमध्ये एक जुना वाद पुन्हा पेटतो. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ही विज्ञानमालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या निर्मात्या होत्या सत्तावीस वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट. एक बाजू म्हणते, लॅम्बर्ट म्हणजे बीबीसीची पहिली स्त्री निर्माती, पुरुषांचा गड सर करणारी बाई, म्हणून थोर. दुसरी बाजू विचारते, मालिकेची कल्पना सिडनी न्यूमन यांची, डालेक हे यंत्रात बसलेले गाजलेले खलजीव टेरी नेशन यांचे, संगीत रॉन ग्रेनर आणि डिलिया डर्बीशायर यांचे, पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे; मग या बाईंनी केले काय? गेली अनेक वर्षे हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत आहेत, आणि लॅम्बर्ट रोज सकाळी कामावर जाऊन काय करत होत्या याची चौकशी मात्र कोणीच करत नाही. माझे म्हणणे असे की त्यांचे मोठेपण त्या स्त्री असण्यात नाही आणि एखाद्या कल्पनेच्या मालकीतही नाही. ते त्यांनी घेतलेल्या निर्णयांत आहे. पैसा अपुरा, वेळ त्याहून अपुरा आणि वरिष्ठ विरोधात अशा परिस्थितीत काय करायचे, काय सोडायचे आणि कशासाठी भांडायचे हे ठरवणे हीसुद्धा निर्मितीच आहे, आणि तिचे मोजमाप करता येते.

आधी कौतुक करणाऱ्यांच्या बाजूकडे वळू, कारण माझी सहानुभूती तिकडे आहे आणि म्हणूनच तिची चूक मला जास्त खुपते. 'बीबीसीची पहिली स्त्री निर्माती' हे विधान खरे नाही. मेरी ॲडम्स १९३७ सालीच बीबीसी टेलिव्हिजनवर कार्यक्रमांची निर्मिती करत होत्या. ग्रेस विंडम गोल्डी यांनी बीबीसीच्या राजकीय आणि चालू घडामोडींच्या कार्यक्रमांना आकार दिला. डोरोथिया ब्रुकिंग आणि जॉय हॅरिंग्टन यांनी पन्नासच्या दशकात मुलांसाठी नाटके आणि मालिका उभ्या केल्या. १९६३मध्ये बीबीसीच्या नाट्यविभागात निर्मातेपदावर लॅम्बर्ट या एकट्याच स्त्री होत्या आणि वयाने सर्वांत लहान होत्या, एवढे खरे आहे. ते पुरेसे मोठे आहे. त्याला फुगवून 'पहिली' करण्याच्या नादात आपण चार कर्तबगार बायका पुसून टाकतो. एका स्त्रीचा गौरव करायला दुसऱ्या स्त्रियांचा इतिहास खर्ची का घालायचा?

या बाजूच्या बोलण्यात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. लॅम्बर्ट यांचा टेलिव्हिजनमधला प्रवेश टंकलेखनाच्या यंत्रामागून झाला. त्यांची पहिली नोकरी लंडनच्या एका हॉटेलात पदार्थांच्या याद्या टाइप करण्याची होती. मग ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या प्रसिद्धी विभागात सेक्रेटरी, तिथून काही महिन्यांत नोकरी गेली; मग एबीसी टेलिव्हिजन या ब्रिटनमधल्या खासगी वाहिनीत स्टेनो. वारिस हुसेन त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण केंब्रिजची पदवी घेऊन ते प्रशिक्षणार्थी म्हणून थेट बीबीसीत दाखल झाले होते. लॅम्बर्ट यांच्याकडे पदवी नव्हती आणि त्या काळी मुलींसाठी उघडे असलेले दार शॉर्टहँडचे होते. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी एबीसीवर 'अंडरग्राउंड' नावाचे नाटक थेट प्रक्षेपित होत असताना गॅरेथ जोन्स या अभिनेत्याचा दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात मृत्यू झाला. दिग्दर्शक टेड कॉचेफ उरलेल्या नटांना नव्या रचनेप्रमाणे वागायला सांगण्यासाठी खाली स्टुडिओत धावले आणि वर नियंत्रणकक्षात कॅमेरे हाताळण्याची जबाबदारी सहायक लॅम्बर्ट यांच्यावर आली. देशभर नाटक चालू राहिले. त्या रात्रीनंतरही पुढची कित्येक वर्षे त्यांना दिग्दर्शनाची संधी मिळाली नाही. १९६१चे वर्ष त्यांनी न्यूयॉर्कमध्ये निर्माते डेव्हिड सस्किंड यांच्या सहायक म्हणून काढले, परतल्यावर पुन्हा तेच जुने काम हाती आले, आणि वर्षभरात काही घडले नाही तर हे क्षेत्रच सोडायचे असे त्यांनी ठरवले होते. अन्याय होता, यात शंका नाही. पण अन्याय सोसला म्हणून कोणी चांगला निर्माता होत नाही. त्यासाठी पुढचे पाहावे लागते.

आता विरोधी पक्ष, आणि त्याचे मुद्दे खरोखरच भक्कम आहेत. विज्ञानकथांवर मालिका करता येईल का याची पाहणी बीबीसीने १९६२मध्येच करून घेतली होती. कॅनडाहून आलेले न्यूमन नाट्यविभागाचे प्रमुख झाल्यावर १९६३च्या वसंतात त्यांनी, मालिका विभागाचे प्रमुख डोनाल्ड विल्सन यांनी आणि लेखक सी. ई. वेबर यांनी आराखडे लिहिले: एक गूढ म्हातारा, काळातून फिरणारे यंत्र, बरोबर एक शाळकरी मुलगी आणि तिचे शिक्षक. लॅम्बर्ट जूनमध्ये आल्या तेव्हा हे बरेचसे कागदावर तयार होते. त्या पहिली पसंतीही नव्हत्या. डॉन टेलर आणि शॉन सटन यांनी नकार दिल्यावर न्यूमन यांना आपल्या एबीसीमधल्या दिवसांतली ही धडाडीची सहायक आठवली. पहिला भाग २७ सप्टेंबरला चित्रित झाला तो न्यूमन यांनी साफ नाकारला आणि पुन्हा करायला लावला. म्हणजे पहिल्या परीक्षेत लॅम्बर्ट आणि हुसेन नापास झाले होते आणि त्यांना सावरले ते न्यूमन यांच्या नजरेने. हे सगळे मान्य केले पाहिजे. न्यूमन नसते तर 'डॉक्टर हू' नसती, हे विधान मी बिनशर्त स्वीकारतो.

पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो टिकत नाही. आराखड्यात एक म्हातारा होता. कोणता म्हातारा? लॅम्बर्ट यांनी विल्यम हार्टनेल यांना निवडले, जे तोवर दरडावणाऱ्या लष्करी सार्जंटच्या भूमिकांसाठी ओळखले जात. 'धिस स्पोर्टिंग लाइफ' या त्याच वर्षीच्या चित्रपटात मात्र त्यांनी एक थकलेला, ओशाळवाणा म्हातारा उभा केला होता. कठोरपणा आणि हळवेपणा एकाच चेहऱ्यावर मावतो हे त्यातून लॅम्बर्ट यांना दिसले, आणि मुलांच्या मालिकेत काम करायला का-कू करणाऱ्या हार्टनेल यांना त्यांनी आणि हुसेन यांनी राजी केले. संगीताचेही तसेच. लॅम्बर्ट यांना आधी पॅरिसच्या एका प्रयोगशील वाद्यसमूहाचा नाद हवा होता. ते जमले नाही तेव्हा त्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपकडे, म्हणजे यंत्रांनी नवे ध्वनी घडवणाऱ्या विभागाकडे, गेल्या. ग्रेनर यांनी सुरावट लिहिली आणि डर्बीशायर यांनी ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून, एकेक स्वर हाताने घडवला. ते संगीत लॅम्बर्ट यांनी रचले नाही, हे उघड आहे. पण शनिवारी संध्याकाळी घरातली सगळी माणसे चहा घेत बसलेली असताना, कुठल्याही ओळखीच्या वाद्याचा नसलेला तो अनोळखी आवाज लावायचा, ही जोखीम कोणाच्या सहीने घेतली गेली?

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे सिनेमाचा निर्माता म्हटले की पैसा घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बीबीसीतला निर्माता पगारी नोकर होता. दर आठवड्याला एक भाग पोचवायचा, चार दिवस तालीम आणि शुक्रवारी संध्याकाळी चित्रीकरण; फीत कापून जोडणे महागडे, म्हणून चुकलेले बरेच काही तसेच प्रेक्षकांपर्यंत जाई. पहिल्या हंगामाचे ४२ भाग या पद्धतीने निघाले. जागा मिळाली ती लाइम ग्रोव्हमधला 'डी' स्टुडिओ, अरुंद, उकडणारा आणि जुनाट यंत्रांचा. बीबीसीच्या दृश्य-करामतींच्या विभागाने जादा माणसे आणि जागा मिळाल्याशिवाय हे काम करणार नाही असे कळवले, म्हणून तो भार नेपथ्यकारांवर आणि बाहेरच्या कारागिरांवर पडला. मालिका पडद्यावर येण्यापूर्वीच खर्चाच्या कारणाने ती चार भागांत आटोपण्याची भाषा वरून सुरू झाली होती. लेखकाला कल्पना सुचते, दिग्दर्शकाला दृश्य दिसते. पण या सगळ्या अडचणी एकाच वेळी डोक्यात ठेवून पुढच्या शनिवारी काहीतरी चांगले पडद्यावर असेलच याची हमी देणारे माणूस एकच होते.

डालेकचा प्रसंग या वादात दोन्ही बाजू वापरतात, त्यामुळे त्याच्याकडे थोडे सावकाश पाहू. न्यूमन यांची सक्त ताकीद होती की बटबटीत डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत. टेरी नेशन यांची संहिता आली, विल्सन यांनी ती वाचली आणि हे करू नका असे बजावले. लॅम्बर्ट यांनी ती केली. टीकाकार म्हणतात, यात शौर्य कसले? दुसरी संहिता तयारच नव्हती! बरोबर आहे, नव्हती. कथासंपादक डेव्हिड व्हिटेकर आणि लॅम्बर्ट यांच्या हातात त्या आठवड्यात दुसरे काहीच नव्हते. पण ही सबब वरिष्ठांपुढे ठेवून बिनबोभाट एक दुबळी कथा उरकून टाकता आली असती. लॅम्बर्ट यांनी उलट त्या कथेची बाजू घेतली. हे राक्षस नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता: अणुयुद्धानंतर आक्रसून गेलेले, स्वतःला यंत्रात कोंडून घेतलेले, आपल्याहून वेगळ्या प्रत्येकाचा द्वेष करणारे हे जीव म्हणजे माणसाचेच भविष्य होते. क्यूबाच्या अणुसंकटाला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते आणि नाझी विमानांचे बॉम्ब आठवणारी पिढी तिशीतली होती. त्या पिढीने आपल्या मुलांशेजारी बसून हे पाहिले. २१ डिसेंबर १९६३ला सुरू झालेली ही कथा संपता संपता, पहिल्या भागाला मिळालेले ४४ लाख प्रेक्षक १ कोटीच्या वर गेले. विल्सन यांनी लॅम्बर्ट यांना सांगितले की ही मालिका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, यापुढे मी ढवळाढवळ करणार नाही. त्यांचेही कौतुक केले पाहिजे. वरिष्ठाने चूक कबूल करून हात मागे घेणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत रोज घडत नाही.

डालेकचा आकार मात्र ना नेशन यांचा, ना लॅम्बर्ट यांचा. तो घडवला बीबीसीचे पगारी नेपथ्यकार रेमंड क्युसिक यांनी. नेशन यांचे हक्क करारात शाबूत होते, त्यामुळे डालेकची खेळणी, पुस्तके, चित्रपट यांतून ते श्रीमंत झाले. क्युसिक यांना संस्थेने खुशीने सुमारे १०० पौंड दिले. डर्बीशायर यांचे नाव कित्येक दशके श्रेयनामावलीत नव्हते. तिथे ग्रेनर यांच्या जोडीने फक्त वर्कशॉपचा उल्लेख असे. 'खरा निर्माता कोण' हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण नकळत हेच करारपत्र वाचून दाखवत असतात. ज्याच्या नावावर हक्क होता तो सर्जक, ज्याला पगार मिळत होता तो कामगार. ही वाटणी वकिलांनी केलेली आहे. रसिकांनी ती जशीच्या तशी का स्वीकारावी?

ब्रिटिश विज्ञानमालिकांच्या इतिहासात हे आधीही घडले आहे. १९५३च्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'चे लेखक नायजेल नील यांचे नाव आजही घेतले जाते. ती मालिका थेट प्रक्षेपणात उभी करणारे, व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेले रुडॉल्फ कार्टियर अभ्यासकांपुरते उरले. मराठी वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण हवे असेल तर फ्रेड हॉइल यांचे आहे. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून हॉइल आपल्याला घरचे. नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते त्याच काळात, १९६१मध्ये, हॉइल यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर लिहिलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका बीबीसीवर आली. खगोलशास्त्रज्ञाने विज्ञानमालिका लिहिली याचे आपल्याला कौतुक वाटते आणि वाटायला हवे. पण दूरच्या दीर्घिकेतून आलेला संदेश त्या काळच्या स्टुडिओत दिसणार कसा, हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्या मायकल हेज आणि नॉर्मन जेम्स यांची नावे आपल्यापैकी कोणी ऐकली आहेत? विज्ञानकथेकडे आपण केवळ साहित्य म्हणून पाहतो, म्हणून पडद्यावरच्या विज्ञानकथेतही फक्त लेखक शोधतो.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. लखनौत जन्मलेले चोवीस वर्षांचे हुसेन, ज्यू घरातल्या लॅम्बर्ट, कॅनडाचे न्यूमन, ऑस्ट्रेलियाहून आलेले पहिले कथालेखक अँथनी कोबर्न, अशा बाहेरच्यांनी बीबीसीला हलवले ही कथा आज फार आवडीने सांगितली जाते. विरोधक म्हणतात, त्यांना संधी मिळाली ती संस्था उदार होती म्हणून नव्हे; प्रतिष्ठित लोकांना हे काम नकोच होते म्हणून. हे खरे आहे. लेखिका अतिया हुसेन यांच्या या मुलालाही गुहेतल्या आदिमानवांची पहिली कथा कमीपणाची वाटली होती. विज्ञानमालिका, तीही मुलांसाठी, म्हणजे नाट्यविभागाची सर्वांत खालची पायरी. पण मग या युक्तिवादाचा रोख लॅम्बर्ट यांच्याविरुद्ध कसा काय वळतो? कोणालाही नको असलेले काम त्यांच्या गळ्यात घातले गेले, आणि त्यांनी त्यात मार्को पोलोच्या प्रवासावर सात भाग केले, ॲझ्टेकांच्या नरबळीविषयी, इतिहास बदलता येतो का याविषयी लहान मुलांशी मोठ्यांच्या गांभीर्याने बोलणारी कथा केली. 'मार्को पोलो'चे बहुतेक भाग हुसेन यांनी दिग्दर्शित केले. त्या सातही भागांच्या फिती संस्थेने पुढे पुसून टाकल्या. आपल्या हातातल्या वस्तूची किंमत बीबीसीला किती होती हे यावरून कळते. लॅम्बर्ट यांना ती त्याच वेळी कळत होती.

हा सगळा नशिबाचा खेळ होता का? त्याचे उत्तर पुढच्या चाळीस वर्षांत आहे. १९७४मध्ये त्या थेम्स टेलिव्हिजनच्या नाट्यप्रमुख झाल्या. १९७५मध्ये 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट' ही क्वेंटिन क्रिस्प या उघडपणे समलिंगी जगलेल्या माणसाची कथा त्यांच्या कारकिर्दीत पडद्यावर आली. समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये गुन्हा न राहण्याला तेव्हा फक्त आठ वर्षे झाली होती, तेही अंशतः. 'रम्पोल ऑफ द बेली', 'मायंडर', 'विडोज' ही मालिकांची रांग त्यांच्या अमलाखालची. आणि १९७९मध्ये त्यांनी पुन्हा विज्ञानकथेला हात घातला: नील यांचे शेवटचे 'क्वाटरमास', जे बीबीसीने सत्तरच्या दशकात सुरू करून अर्धवट टाकले होते, ते थेम्सच्याच युस्टन फिल्म्स या कंपनीने केले आणि त्याच्या कार्यकारी निर्मात्या लॅम्बर्ट होत्या. नील यांना 'डॉक्टर हू' कधीच आवडली नव्हती. तिच्यासाठी लिहायला त्यांनी नकार दिला होता. तरीही त्यांची संहिता लॅम्बर्ट यांनी उचलली, कारण ती करण्याजोगी होती. मला तो प्रयत्न पूर्ण जमलेला वाटत नाही. मोडून पडलेल्या समाजाचे त्यातले चित्र आजही अंगावर येते, पण चार भागांचा ताण मध्येच सैल पडतो.

अपयशे आणखी आहेत आणि ती लपवून त्यांचा गौरव करणे मला पटत नाही. १९०२मध्ये गोठवलेला साहसवीर १९६६च्या लंडनमध्ये जागा होतो अशी 'ॲडम ॲडमंट लिव्हज!' दोन हंगामांत संपली. १९९२ची 'एल्डोराडो' ही स्पेनमध्ये आख्खे गाव उभारून केलेली, आठवड्यातून तीनदा लागणारी कौटुंबिक मालिका घाईने पडद्यावर आली, समीक्षकांनी झोडपली आणि वर्षभरात बंद झाली. तिच्यामागे लॅम्बर्ट यांचीच कंपनी होती. निर्णयांवरून मोजायचे म्हटले की हेही त्याच वहीत लिहावे लागते. प्रतीक म्हणून उभी केलेली व्यक्ती चुकू शकत नाही. काम करणारी चुकते. २२ नोव्हेंबर २००७ रोजी त्या गेल्या तेव्हाही त्या कामात होत्या, हे मला त्यांना मिळालेल्या मानचिन्हांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: त्या नसत्या तर दुसऱ्या कोणी हेच केले असते. या आक्षेपाची परीक्षा इतिहासाने आयतीच घेऊन ठेवली आहे. १९६५मध्ये लॅम्बर्ट बाहेर पडल्या आणि जॉन वाइल्स निर्माते झाले. तोच नायक, तोच स्टुडिओचा धबडगा, तेच डालेक. वाइल्स हुशार होते आणि त्यांना मालिका अधिक गंभीर करायची होती. पण हार्टनेल यांच्याशी त्यांचे जमले नाही आणि काही महिन्यांतच, १९६६च्या सुरुवातीला, ते पद सोडून गेले. त्यांच्यानंतर इनेस लॉइड आले. हार्टनेल यांची तब्येत ढासळत होती, मालिका बंद करणे सोपे होते. लॉइड यांनी ठरवले की डॉक्टर हे पात्र आपले शरीर बदलेल आणि नवा नट घेऊन मालिका पुढे जाईल. ऑक्टोबर १९६६मध्ये पडद्यावर ते घडले, आणि मालिका आजवर जगली ती त्या एका युक्तीमुळे. तो निर्णय लॅम्बर्ट यांचा नव्हता, आणि तो त्यांच्या खात्यावर घालणारे चाहते त्यांच्यावर उपकार करत नाहीत. मात्र लॅम्बर्ट यांना 'बाईंनी केले काय' म्हणून निकालात काढणाऱ्यांनी लॉइड यांच्याबद्दलही तेच म्हणायला हवे: त्यांनीही एक ओळ लिहिली नाही, एक दृश्य दिग्दर्शित केले नाही. तसे म्हणायची कोणाची तयारी आहे?